सैंधव खाल्लं तरी बीपी का उतरेना?

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.८ आहे. घरात सैंधवच वापरतो, तरी बीपी १५०/९० च्या खाली येत नाही. कमी सोडियमचं मीठ आणू का? (वाचक, परभणी)

उत्तर : नका आणू. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. क्रिएटिनिन १.८ म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं, त्यात टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच. नुसता रंग गुलाबी. सोडियम बाहेर पडलं नाही की अंगात पाणी धरून ठेवतं नि दाब चढतो. वडिलांचं दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सकाळीच वाटीत मोजून काढा. भाकरीच्या पिठात चिमूटही नको, ठेच्यात लसूण वाढवा. लोणच्याची फोड, पापड, फरसाण यांचं मीठही याच चमच्यातलं. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.