सारं गाव म्हणते तोच चोर, मंग कोर्टानं सोडलं काहून?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. दोन वर्षांमांग माह्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर चोरीले गेली. गावातल्याच पोराले पोलिसांनी धरलं, त्यानं ठाण्यात कबूल केलं, मोटर बी नाल्याच्या झुडपातून काढून देली. पण कोर्टात पंच म्हणे मी ठाण्यातच सही केली, नाल्यावर गेलोच नाही. परवा पोरगा पुराव्याअभावी सुटला. सारं गाव म्हणते तोच चोर हाय. मंग कोर्टाले मीच खोटा वाटलो काय?
– एक कास्तकार, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नाही भाऊ, तुम्ही खोटे ठरले नाही. मोटर गेली हे खरंच आहे, ती त्याच पोरानं नेली हे सिद्ध झालं नाही, आणि सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं असते, मी नाही नेली हे त्या पोरानं सिद्ध करायचं नसते.

आता कबुलीचं पहा. पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यातही नव्हती आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही, कारण ठाण्यात माणूस भीतीनं काहीही कबूल करते. त्यातून फक्त एवढंच वापरता येते की त्यानं सांगितल्यावरून वस्तू सापडली. म्हणजे तुमची सारी केस त्या नाल्यावरच्या पंचनाम्यावर उभी होती, आणि तिथं पंचच फितूर झाला. आपल्याकडं हे नेहमी होते, चहाच्या टपरीवरून कोणाला तरी बोलावतात, लिहिलेल्या कागदावर सही घेतात, तो बिचारा काही वाचत नाही अन उलटतपासणीत दोन प्रश्नांत कोसळते. मला याचा फार राग येतो, कारण चोर सुटला की कास्तकार कोर्टाला शिव्या देते आणि पंचनामा कसा केला होता ते कोणीच विचारत नाही. त्यात नाल्याची जागा उघडी, तिथं बकऱ्यावाले, सरपणवाले सारेच जातात, मोटर दुसऱ्या कोणी ठेवली नसेल कशावरून?

गाव म्हणते हा पुरावा होत नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात 1973 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यात लांबचं अंतर आहे. गंमत नाही, त्याच खटल्यात आरोपींना शिक्षाही कायम झाली, म्हणजे कोर्ट सोडायलाच बसलेलं असते असं नाही. आणि उद्या तुमच्याच पोराकडं गावानं बोट दाखवलं तर तुम्हीही कोर्टात हेच मागाल ना, का पुरावा दाखवा?

निकालाची नक्कल काढा आणि वकिलाला दाखवा. 2009 च्या दुरुस्तीपासून पीडित माणसालाही सुटकेविरुद्ध अपील करता येते, फक्त उशीर करू नका. पण पंचच पलटला असेल तर अपिलात फार मोठी आशा मी देणार नाही, वरचं कोर्टही तेच जुने कागद वाचते.

अन मोटर अजून ठाण्यातच पडली असेल तर निकालात मुद्देमालाबद्दल काय हुकूम आहे ते पहिले बघा. बिल असेल तर घेऊन अर्ज करा, ओलिताचे दिवस चालू आहेत.