आई कारखान्याला गेली की वर्गात काय होतं?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा धारूर तालुक्यात आहे. तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले, तो आजीकडे राहतो. आधी फार बोलका होता. आता गप्प असतो, मधूनच कुणाला तरी मारतो. आजी म्हणतात, अंथरूण ओलं करायला लागलाय. दटावून झालं. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, आधी आजींना दटावणं थांबवायला सांगा. सुटलेली सवय आई गेल्यावर परत आली, म्हणजे पोरगं मुद्दाम करत नाही. वाकळ गुपचूप धुवायची, शेजारणीसमोर विषय काढायचा नाही. लघवीला जळजळ असेल, ताप असेल किंवा तहान फार वाढली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या.

आता गप्पपणाचं. आईवडील निघाले तेव्हा तो जागा होता का, हे आजींना विचारून बघा. पुष्कळ घरांत पोरगं रडेल म्हणून ते झोपेत असतानाच माणसं निघतात. सकाळी उठावं तर घर रिकामं. अशी मुलं मग झोपायलाही भितात. पुढच्या वर्षी दसऱ्याआधीच्या पालकसभेत हे मोकळेपणी बोला : पोराला उठवा, सांगून जा, रडलं तर रडू द्या.

‘होळीला येतील’ असं मात्र कुणी सांगू नका. पट्टा कधी पडेल, म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपेल, हे मुकादमालाही नक्की सांगता येत नाही, आणि तारीख हुकली की मुलाचा तुमच्यावरचाही विश्वास जातो. ‘तिकडचा ऊस संपला की येतात’ हे खरं आहे, तेच सांगा. माणसं अंधारातच कोपीवरून, म्हणजे राहायच्या झोपडीवरून, उसाच्या फडात जातात, त्यामुळे शाळेच्या वेळेत फोन लागणं अवघड. तुमच्या मोबाइलवर त्याच्या आवाजात एखादी कविता रेकॉर्ड करून पाठवा. आईचं उत्तर आलं की त्याला एकट्याला बाजूला घेऊन ऐकवा.

मारामारी केली तर थांबवा, ज्याला लागलं त्याची विचारपूस या मुलाच्या देखत करा, आणि नंतर पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. रोज हजेरीआधी एकच विचारा : रात्री काय जेवलास? ‘कसा आहेस’ला मुलं ‘बरा’ म्हणून मोकळी होतात, जेवणाबद्दल मात्र खरं सांगतात. आजींना स्वयंपाक झेपतो की नाही, हेही त्यातूनच कळेल. झेपत नसेल तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव आहे का ते बघा, नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे लगेच मांडा.

प्रश्न : आमच्या वेळी मास्तर छडी हाणायचे, पोरं सरळ यायची. आता कुणी हात लावत नाही. हे बरं आहे का? – एक आजोबा, परभणी जिल्हा

उत्तर : आजोबा, बरंच आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने मारण्याला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई केली आहे. चारचौघांत ‘ढ’ म्हणून हिणवलं तरी मुलाला तितकंच लागतं. सरळ आलेली पोरं तुम्हाला आठवतात. छडीला भिऊन शाळा सोडून गुरांमागे गेलेलीही आठवून बघा.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे, नवोदयची तयारी चालू आहे. रोज सकाळी क्लासच्या वेळेला पोट दुखतं म्हणतो. नाटक वाटतं. – एक आई, लातूर

उत्तर : ताई, एकदा डॉक्टरांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही, आणि रविवारी पोट दुखत नसेल, तरीही ते नाटक नाही. काळजीने मुलांचं पोट खरोखर दुखतं. नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. जिल्हाभरातून बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा नंबर लागत नाही, आणि हे त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं. ‘नंबर नाही लागला तर आपल्याच शाळेत सहावीला जायचं’ हे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. संध्याकाळचा खेळ बंद केला असेल तर आजपासून सुरू करा.

प्रश्न : चौथीतल्या मुलीच्या वडिलांनी आत्महत्या केली. सोमवारी ती शाळेत येणार आहे. काय बोलावं सुचत नाही. – एक मुख्याध्यापक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सर, आधी तिच्या आईला भेटा. घरात तिला काय सांगितलं आहे ते विचारा. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं असेल, तर ते टिकणार नाही. पाणवठ्यावर, ओट्यावर ती ऐकणारच. बाबा वारले, आता परत येणार नाहीत, हे आईनेच साध्या शब्दांत सांगावं. कसं घडलं याचा तपशील नको. ती विचारील तेवढ्याचंच खरं उत्तर द्यावं. या वयाची मुलं मनात धरून बसतात की मी हट्ट केला म्हणून हे झालं. ‘तुझ्यामुळे काही झालेलं नाही’ हे तिला पुन्हा पुन्हा ऐकू द्या.

वर्गाला ती यायच्या आधीच सांगून ठेवा की कुणी खोदून विचारायचं नाही, तिला खेळायला घ्यायचं. आणि माझी कळकळीची विनंती : वह्यावाटपाच्या कार्यक्रमात तिला पुढे उभं करून फोटो काढू देऊ नका. मदत घरी पोचवता येते. ‘मला बाबांकडे जायचंय’ असं ती म्हणाली तर दचकून गप्प करू नका, म्हणजे काय ते शांतपणे विचारा, तिला एकटं सोडू नका, आईला त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं; तुम्हीही सल्ला विचारू शकता.

पुढच्या पालकसभेच्या निरोपात ‘वडिलांना घेऊन ये’ असं लिहू नका. ‘घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये’ असं लिहा, सगळ्याच मुलांच्या वहीत.