विमा असूनही बिल खिशातूनच? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी 3 लाखांची पॉलिसी आहे. पित्ताशयातील खड्यांच्या ऑपरेशनचे बिल 1,30,000 झाले, कंपनीने फक्त 78,000 दिले. रूम महाग घेतली म्हणतात. रूमचा फरक तर 8,000चाच होता! (यंत्रमाग कारखान्यातील मुकादम, अक्कलकोट रोड)

तुमच्या पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा विमारकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 आहे. तुम्ही 5,000ची रूम चार दिवस घेतली. अशा वेळी कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे 5,000ला 3,000 या हिशेबाने 60 टक्केच देते. कारण रूम बदलली की बहुतेक रुग्णालयांत हे सगळे दर बदलतात.

पण तुम्ही पाठवलेले बिल मी ओळ न् ओळ पाहिले. औषधे आणि तपासण्यांच्या 40,000मधूनही 16,000 कापले आहेत. हे चूक आहे. औषधे, तपासण्या, इम्प्लांट (शरीरात बसवलेली साधने) आणि आयसीयूच्या खर्चाला ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असे विमा नियामकाने 2020 सालीच स्पष्ट केले आहे. ते 16,000 सोडू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी) जा. फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र नकारानंतर वर्षाच्या आत जा.

प्रश्न : आई 72 वर्षांची आहे, आयुष्यभर विड्या वळल्या. भावाला चांगला पगार आहे म्हणून आयुष्मान कार्ड मिळणार नाही, असे शेजारी सांगतात. (विडी घरकुल)

मिळेल. ऑक्टोबर 2024पासून 70 वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर, घरातल्या अशा सर्व ज्येष्ठांना मिळून, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. उत्पन्नाची अट नाही. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा. आणि हे आजच करा, आई आजारी पडण्याची वाट पाहू नका. खर्च भरती झाल्यावरचाच मिळतो, बाह्यरुग्ण विभागातला नाही.

प्रश्न : जीएसटी गेला, तरी माझा हप्ता वाढलाच. वय 63. (जुळे सोलापूर)

22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के कर शून्य झाला, हे खरे. पण मूळ हप्ता कंपनीने वाढवला, तर करसवलत त्यातच जिरते. तुमचे वय साठीच्या पुढे आहे. त्यामुळे एका वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढ करायला कंपनीला नियामकाशी आधी बोलावे लागते. जानेवारी 2025पासूनचा हा नियम आहे. मागच्या आणि यंदाच्या पावतीवरचा कर वगळता हप्ता ताडून पाहा.

प्रश्न : मग विमा सुधारायचा, की रुग्णालयांचे दर बांधायचे? आमच्या वाचनालयात यावर जोरात वाद झाला. (निवृत्त शिक्षक)

मी दर बांधण्याच्या बाजूचा आहे. बिल फुगत राहिले, तर विमा सर्वांना दिला तरी हप्त्यातून किंवा करातून ते फुगलेले बिल आपणच भरतो. आणि दर बांधता येत नाहीत, हेही खरे नाही. मे 2020मध्ये कोविडच्या काळात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांना दिवसाचे दर लावले : वॉर्ड 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. तक्रारी झाल्या, पण घासाघीस करायला लोकांच्या हाती एक आकडा होता. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची, म्हणजे स्टेंटची किंमतही 2017पासून बांधलेली आहे.

डॉक्टरांचे म्हणणे मला पटते : सरकारी योजनांचे पॅकेज (एका उपचारासाठी ठरवलेली रक्कम) इतके कमी ठेवतात की छोट्या रुग्णालयाचा खर्चही निघत नाही, आणि मग ती योजनेतून बाहेर पडतात. म्हणून दर शहर आणि सोयी पाहून ठरावेत, दरवर्षी तपासावेत. ठरवताना डॉक्टर आणि रुग्ण दोघेही टेबलावर हवेत.

दुसरा इलाज आपले सोलापूरचे सिव्हिल, म्हणजे मोठे सरकारी रुग्णालय. धाराशिव, कलबुर्गी, विजयपुराहून रुग्ण तिथे येतात. तिथे एमआरआयसाठी थांबावे लागले नाही, खाट आणि औषध मिळाले, तर खासगी दरांवर आपोआप दाब येतो. माझ्या मते विम्यावरच्या प्रत्येक नव्या रुपयाबरोबर सिव्हिलसाठीही एक रुपया मागायला हवा.

तोवर निदान जो नियम आहे तो वापरा. महाराष्ट्रातील नर्सिंग होमच्या 2021च्या नियमांनुसार रुग्णालयाने ठरावीक दर दर्शनी भागात लावायचे असतात. भरती होताना तो फलक दाखवा म्हणा, आणि अंदाजपत्रक सहीशिक्क्यासह लेखी घ्या.