ट्रान्समचं लाकूड कुजलंय का, कसं ओळखायचं?

नवीन इंजिन बसवायच्या आधी ट्रान्सम, म्हणजे बोटीची इंजिन लागतं ती मागची उभी भिंत, तपास, एवढं माझं ऐक. फायबर कुजत नाही, पण त्याच्या पोटातलं प्लायवूड कुजतं, आणि बाहेरून बोट नव्यासारखी चकाकत असते. इंजिनाचा सगळा भार तिथेच येतो रे, म्हणून काळजी वाटते.

प्लास्टिकच्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की तिथे खडूने खूण कर. मग आतल्या बाजूने, खूण केलेल्या जागी, 5 मिमीचं भोक पाड आणि भुसा बोटांत चोळून बघ. कोरडा, फिकट असेल तर लाकूड शाबूत. काळपट, ओला, आंबूस वासाचा असेल तर आतला थर कापावाच लागेल. नुसतं रेझिन भरून भोकं बुजवणारे भेटतील. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, त्यांचं ऐकू नकोस.

कुजकं सगळं काढ, चांगलं लाकूड लागेपर्यंत. पूर्ण वाळव. हे काम एप्रिल-मेमध्येच, पावसाळी हवेत लाकूड वाळतच नाही. नवीन प्लाय आयएस 710 चाच (म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचाच) घे, कडांना इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) पाजून मगच बसव.

पाणी शिरतं ते बहुतेक बोल्टच्या भोकांतून. भोक मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भर, सुकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं पाड. मग पाणी लाकडाला शिवणार नाही.