छोट्या हत्तीवर जाहिरातीचा रॅप: 14,000 की 26,000?

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय: बेकरीच्या तीन बंद बॉडीच्या छोट्या हत्तींवर जाहिरातीचा रॅप, म्हणजे छापील चिकट फिल्म, करायचाय. एक दुकान गाडीमागे 14,000 रुपये सांगतं, दुसरं 26,000. काम कुणाला द्यावं?

ताई, आधी गाड्या अजून किती वर्षं ठेवणार ते ठरवा. रॅप काढायची मजुरी 4,000 धरू. स्वस्त रॅप दोन वर्षांत उतरवावा लागला, तर वर्षाला 9,000 पडले. महागडा पाच वर्षं टिकला, तर वर्षाला 6,000. बरोबरी साधायलाही महागड्याने तीन वर्षं चार महिने काढायला हवेत. त्याआधी गाडी विकणार असाल, तर 26,000 घालू नका.

कोटेशनवर नुसतं कंपनीचं नाव, ‘थ्रीएम व्हिनाइल’, लिहिलेलं चालवून घेऊ नका. एकाच कंपनीच्या कास्ट (ओतून बनवलेली) आणि कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटलेली) अशा दोन्ही फिल्म असतात. फिल्मचा आणि लॅमिनेशनचा (छपाईवरच्या पारदर्शक थराचा) सीरिज नंबर लिहून घ्या, कामाच्या दिवशी रोलवरचं लेबल ताडून पाहा. कास्ट साधारण 50 मायक्रॉनची, वळणावर आणि रिव्हेटवर नीट बसते. कॅलेंडर्ड ताणून बसवली की पुन्हा आकसते आणि खाचांतून सुटते. सपाट पत्र्यावर मात्र चांगली कॅलेंडर्ड पुरते. म्हणून बॉडी सपाट असेल तर दोन बाजू आणि मागचं दार एवढंच करा, केबिन सोडा. पैसे तिथेच वाचतील. पत्रा नालीदार असेल तर कास्टच घ्या.

दुकानदाराला विचारा, छपाईनंतर लॅमिनेशन कधी करता? सॉल्व्हंट (उडून जाणारं द्रावण) असलेली शाई असेल तर निदान 24 तास वाळू द्यायला हवी. घाईत सॉल्व्हंट आत अडकतो, गोंद मऊ पडतो, कडा उचलतात. ‘लगेच करतो’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ब्लेड थेट गाडीवर चालवतात का, हेही पाहा. रंग कापला गेला की तिथून गंज धरतो. गाडी कंपनीतून आल्यावर बाहेर गॅरेजात पुन्हा रंगवलेली असेल तर आधीच सांगा, रॅप काढताना तो रंग सोबत निघू शकतो.

तिन्ही गाड्या एकदम देऊ नका. एक करा, दोन महिने धुऊन-वापरून कडा तपासा. 40 टक्के आगाऊ, 50 टक्के गाडी ताब्यात घेताना, उरलेले 10 टक्के महिन्याने. वॉरंटीत मजुरी धरली आहे का, ते लेखी घ्या. जीएसटीचं पक्कं बिल हवंच. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळणार नाही, तेव्हा करासकट भावांची तुलना करा. नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर पट्ट्या झाकू देऊ नका. डिझाइन छापायला देण्याआधी आरटीओत दाखवा, आरसीवरचा रंग बदलतोय असं ठरलं तर छापलेलं सगळं वाया जाईल.