थोडं दिलं तरी बोल, जास्त दिलं तरी बोल

प्रश्न : अस्सलामु अलैकुम गुरुजी. मशिदीच्या बोअरवेलसाठी गावात वर्गणी झाली. मी दोन एकराचा कास्तकार, सोयाबीनचा एक कट्टा दिला. एका मोठ्या शेतकऱ्याने पन्नास हजार दिले. पानठेल्यावरची मंडळी त्यांना म्हणते, 'नाव पाहिजे'. मला म्हणते, 'अल्लाहला तुझ्या कट्ट्याची काय पडली?' मन उतरलं. पुढे देऊच नये का?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : वालेकुम अस्सलाम भाऊ. पानठेल्यावरचा हा डायलॉग चौदाशे वर्षं जुना आहे. मदिनेत सदक्याचा (दानाचा) हुकूम आला तेव्हा जवळ काही नसलेले सहाबी (पैगंबरांचे सोबती) ओझी वाहायचे आणि त्या मजुरीतून द्यायचे. अबू अकील यांनी अर्धा सा (जुनं माप) खजूर आणून ठेवला. दुसऱ्या एकाने भरपूर आणलं. मुनाफिक (वरून मुसलमान, आतून नाही असे) बोलले, याच्या खजुराची अल्लाहला गरज नाही आणि त्याने तर दाखवायलाच दिलं. पैगंबरांच्या हदीसच्या (वचनं-आठवणींच्या) बुखारी शरीफ या किताबात हे आहे. कुराणातल्या सूरह तौबाची 79वी आयत त्यावरच उतरली. अर्धा सा म्हणजे किती? रमजान ईदला माणशी जेवढ्या गव्हाचा फित्रा (गरिबांसाठीचं दान) काढतो तेवढा, पावणेदोन किलोच्या आत-बाहेर. तुमचा कट्टा कितीतरी जड झाला की!

आता सांगा, किती दिलं असतं म्हणजे ही मंडळी गप्प बसली असती? काहीच दिलं नसतं तर. आणि बोलणं तुम्हाला असलं तरी ऐकायला असतात ती बाजूला खर्रा घोटत उभी पोरं, ज्यांनी अजून खिशात हात घातलेला नाही. ती तशीच घरी जातात. (ठेल्यावरच्यांना मी मुनाफिक म्हणत नाही, दिलातलं अल्लाह जाणे. बोली मात्र तीच.)

उघड देणं चांगलं, गुपचूप गरिबाला देणं त्याहून चांगलं, असं सूरह बकराच्या 271व्या आयतीत आहे. गावकीच्या कामाला उघडच द्यावं लागतं. तरी मनाला लागलंच असेल तर तूर निघाली की थोडी एखाद्या बेवाच्या (विधवेच्या) घरी अंधारात पोचवा. बायकोलाही सांगू नका.

पण बोअर किती फूट गेली, मोटर केवढ्याला पडली, असं विचारणाऱ्याला टोमणेवाल्यांत मोजू नका. कमिटीने हा हिशेब जुम्म्याला वाचून दाखवायला हवा. नाही वाचला तर तुम्हीच उठून मागा, तुमचा कट्टा आहे त्यात.