दुकानातलं आलं रुजतं का?

प्रश्न : भाजीबरोबर आणलेलं आलं कुंडीत लावलं. महिना झाला, कोंब नाही. उकरलं तर लगदा! दुकानातलं आलं रुजतच नाही का?

उत्तर : रुजतं. माझीही पहिली दोन आली अशीच कुजली, आणि दोन्ही वेळा दोष माझ्या झारीचा होता. कोंब येईपर्यंत आल्याला मुळं नसतात, म्हणजे पाणी प्यायला कोणी नसतं. आपण मात्र रोज प्रेमाने ओततो. माती हाताला जेमतेम दमट लागली की पुरे.

आता निवड. सुरकुतलेलं नको, टणक आणि फुगीर डोळ्यांचं (डोळा म्हणजे कोंब फुटतो तो उंचवटा) घ्या. काही आल्यांवर कोंब रोखणारं औषध मारलेलं असतं. रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्या, थोडा फायदा होतो. मी तर डोळा हिरवट होऊन टोक दिसेपर्यंत आलं उबदार कोपऱ्यात नुसतं पडू देते. मग दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करायचे आणि काप सुकायला दोन-तीन दिवस ठेवायचे. ही पायरी गाळू नका, कूज तिथूनच शिरते.

कुंडी खोल नको, पसरट हवी, कारण आलं आडवं वाढतं. डोळा वर, दोन इंच माती, जागा उबेची, कडक ऊन नको. कोंबाला तीन ते सहा आठवडे लागतात, तेवढ्यात उकरून बघू नका (मी बघितलं होतं, कोंब मोडला). आठ-दहा महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की काढा. घाई असेल तर पाचव्या महिन्यात कडेचा एखादा कोवळा तुकडा मोडून घ्या, झाडाला कळणारही नाही.